स्टेपनीची जागा

गेल्या उन्हाळ्यात तीन महिने माझ्या डोक्यात एकच विषय होता: जीपची स्टेपनी कुठे लावायची. बायको वैतागली. "मला बघायला तुमी एकदाच आलेलात," ती म्हणाली. "अर्धा कप चहा पिऊन हो बोललात. आणि या लोखंडासाठी रोज नवीन दुकान?" तिचं बरोबर होतं. मी मुळातच एका जागी न बसणारा माणूस. जेवताना उठतो, लग्नात मांडवाबाहेर उभा राहतो. पण त्या तीन महिन्यांत माझी मलाच दया येत होती.

मी भातसानगरला धरणाच्या मेकॅनिकल विभागात आहे. दरवाजांचं ग्रीस, बेअरिंगं, साखळ्या हे माझं रोजचं काम. दोन वर्षांपूर्वी एक जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली. लोकांना वाटलं, पन्नाशी उलटल्यावर माळशेजात फिरायची हौस आली. मी कुणाची समजूत घालत बसलो नाही. जीप चांगली होती, फक्त तिची स्टेपनी मागच्या दोन बाकांच्या मधोमध, जमिनीवर पडलेली असायची. मागे कुणाला आडवं व्हायचं म्हटलं तर एक तर गुडघे पोटाशी घ्यायचे, नाहीतर स्टेपनी बाहेर काढायची.

चैत्रात माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या मुलीला दिवस गेले होते. तारीख भाद्रपदातली. सातव्या महिन्यात लेकीला घरी आणणार, असं तिने सांगितलं. तिचं घर म्हणजे वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला एक पाडा. माळशेजचा डांबरी रस्ता सोडायचा, कच्च्याने जायचं, मग ओढा, मग चढ. अॅम्ब्युलन्स येते, पण डांबरीवर थांबते. तिथपर्यंत माणसाला घोंगडीची डोली करून आणावं लागतं.

मी म्हटलं, "तिला माझ्याकडे ठेव. क्वार्टर मोठी आहे, शहापूरचा दवाखाना जवळ."

"पहिलं बाळंतपण आईच्या घरून होतं, दादा. मामाच्या क्वार्टरातून नाय."

"अगं, व्याह्यांना मी समजावतो."

"त्यांना कशाला समजावतोस? मलाच पायजे ती माझ्याकडे. दवाखान्यात तर न्यायचीच हाय. तू ये ना गाडी घेऊन."

तिने इतक्या सहज सांगितलं आणि फोन ठेवला. मी मात्र त्या दिवशी कामावर तीनदा तोच नट आवळला. तू ये ना गाडी घेऊन. हे वाक्य मी याआधी एकदा ऐकलं होतं, आईच्या निरोपात, सव्वीस वर्षांपूर्वी.

ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तेव्हा मी किन्हवली-शहापूर अशी भाड्याची जीप चालवायचो. बहीण पहिल्या बाळंतपणाला आमच्या घरी आली होती, किन्हवलीपासून आत, आमच्या गावात. सकाळी कळा सुरू झाल्या. आईने निरोप धाडून मला स्टँडवरून बोलावून घेतलं. मागे बाकांच्या मधे स्टेपनी होती. बहिणीला झोपवायला जागा हवी, म्हणून मी ती बाहेर काढली आणि अंगणात तुळशीपाशी ठेवली. अर्ध्या वाटेवर मागचं चाक बसलं. तेव्हा कुणाच्या खिशात फोन नव्हता. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. एक एसटी आली, ती उलट दिशेची. दुसरी गाडी येईपर्यंत जीपमध्येच बाळ झालं. मुलगा होता. रडला नाही.

बहीण वाचली. महिन्याभरात मी जीप विकली आणि मिळेल त्या कामाला लागलो. त्या सकाळबद्दल आमच्या घरात कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. दोन वर्षांनी बहिणीला मुलगी झाली, ती शहापूरच्या दवाखान्यात, महिनाभर आधीपासून तिथे खोली घेऊन. तीच ही भाची.

तर मला काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. स्टेपनी गाडीबरोबर असली पाहिजे आणि गाडीच्या आत नसली पाहिजे. बस्स एवढंच. पण एवढ्याशा गोष्टीला किती वाटा फुटतात!

टपावर ठेवली तर उतरवायला वर चढावं लागणार. टेम्पोसारखी खाली साखळीने टांगली तर ओढ्यातले धोंडे तिला सोडणार नाहीत. मागच्या दारावर लावली तर दाराच्या बिजागऱ्या आधीच थकलेल्या. बिजागरीवर वजन टांगल्यावर तिचं काय होतं ते मी धरणावर रोज बघतो. उरला एकच मार्ग: मागे भक्कम बंपर, त्या बंपरला आडवा फिरणारा लोखंडी हात, आणि हातावर टायर. हात बाजूला फिरवायचा, मग दार उघडायचं.

कल्याणच्या एका दुकानात तयार बंपर होता. खोटं कशाला बोलू, मला तो बघताक्षणी आवडला. काळा, दणकट, दोन बाजूंना डिझेलच्या कॅनची जागा, वर दिवे, ओढायला लाल हुक. दुकानदार म्हणाला, "सर, लुक बघा." मी बायकोच्या हातातली भाजीची पिशवी घेतली, डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताने त्या बंपरच्या फिरत्या दांड्याचा खटका उघडायला लागलो. दुकानदार बघत राहिला. खटका एका हाताने उघडेना. गुडघा लावावा लागत होता.

"दोन्ही हात वापरा ना, सर."

"दुसऱ्या हाताने मी कुणाला तरी धरलेलं असणार," मी म्हटलं.

बायकोने पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. तोवर ती चेष्टा करत होती. परतीच्या वाटेवर, शहापूर आल्यावर ती म्हणाली, "मुरबाडला तो ट्रॉल्या बनवणारा हाय ना, त्याला विचारा."

मुरबाडचा वेल्डिंगवाला साठीचा, अतिशय संथ माणूस. माझ्यासारख्याने त्याच्यासमोर दहा मिनिटं उभं राहणं ही शिक्षाच. मी त्याला फोनवर पाचपन्नास फोटो दाखवले. त्याने एकही नीट पाहिला नाही. तो जीपच्या मागे उकिडवा बसला आणि चासीला, गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, हात लावून बघत राहिला.

"किती जनांनी उघडायचा हा?"

"एकाने. एका हाताने."

"ओढा बिढा हाय का वाटेला?"

"आहे."

"मग तुमचा फोटोतला बंपर चालायचा नाय, भाऊ. गाडी ओढ्यातून वर चढताना त्याचं बूड टेकंल. मी कोपरे वर घेतो." मग त्याने विचारलं, "हात कुठल्या अंगाला उघडायचा? डाव्या का उजव्या?"

मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तो म्हणाला, "मी कसा सांगू? गाडी जिथं उभी ऱ्हाणार ती जागा बघून या. माप घेऊन या."

मी त्याच दिवशी टेप घेऊन वैशाखऱ्याला गेलो. मे महिना, ऊन मी म्हणत होतं. बहिणीच्या अंगणात जीप उलटी घेतली, ओट्यापासून पाच फुटांवर उभी केली. उजवीकडे गोठ्याची भिंत. डावीकडे शेणाने सारवलेलं, सपाट, मोकळं अंगण. मी जमिनीवर खडूने अर्धवर्तुळ काढलं, हात कुठून कुठे फिरेल ते. बहीण ओट्यावर नाचणी निवडत बसली होती. "काय लग्नाची रांगोळी काढतोस का रे?" तिने विचारलं. मी तिला सगळं समजावून सांगितलं, बिजागरी डावीकडे, हात असा येणार, दार असं उघडणार. तिने मान डोलावली आणि नाचणी निवडत राहिली. सुपातून नजर वर काढली नाही. स्टेपनी हा शब्द मी तिच्यासमोर मोठ्याने उच्चारला नाही, "टायर" म्हणालो. का ते मला विचारू नका.

वेल्डिंगवाल्याने ट्रॉलीच्या चाकाचं हब, म्हणजे मधला तुंबा, उभं करून त्याची बिजागरी केली. आत दोन बेअरिंगं. हात असा फिरायचा की करंगळीने ढकलावा. खटका मी स्वतः बनवला, धरणाच्या कामातलं सगळं शहाणपण ओतून. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "हात उघडल्यावर अडवायला पिन टाकू का? उतारावर गाडी असली तर हा आपोआप मिटंल. चार दिस लागतील, सामान कल्याणवरून येतं."

मला चार दिवस म्हणजे चार वर्षं वाटली. "अंगण सपाट आहे," मी म्हटलं. "मी माप घेतलंय."

जीप घरी आणली आणि रोज सकाळी दात घासायच्या आधी तो हात उघडून मिटायला लागलो. शेजारचे विचारायचे, एवढं तयार करून जाणार कुठे? मी हसण्यावारी न्यायचो. मागे गादी अंथरून पाहिली. बायको तिच्यावर आडवी झाली, पाय लांब केले आणि म्हणाली, "झोप लागंल अशी हाय." त्या दिवशी मला जरा बरं वाटलं.

तारखेच्या पंधरा दिवस आधी रजा टाकून मी पाड्यावर गेलो. ओढा पार केला, बंपर कुठे टेकला नाही. चढ चढलो. अंगणात जीप उलटी घेतली आणि आरशात बघून ब्रेक मारला.

अंगणात मांडव उभा होता. आमच्याकडे पावसाळा लागला की प्रत्येक दारात उभा राहतो तसा. बांबूच्या मेढी, वर काटक्या, आणि त्यावर शिराळी, काकडी, दुधीचे वेल चढून नुसतं हिरवं छत झालेलं. त्याची एक मेढ माझ्या खडूच्या अर्धवर्तुळाच्या बरोब्बर मध्ये होती. मी जन्मलो मांडवाच्या घरात. लहानपणी दर पावसाळ्यात मेढींसाठी खड्डे मी खणले. आणि मे महिन्यात उघडं अंगण मोजून मी बिजागरीची बाजू ठरवली होती! क्वार्टरच्या फरशीवर पंचवीस वर्षं राहिलं की अंगण बारा महिने सारखंच असतं असं माणसाला वाटायला लागतं.

बहीण पोट धरून हसली. "तेव्हाच बोलनार होते मी. म्हटलं, दादा धरनावरचा साहेब, त्याला ठावं असंल."

"एक मेढ काढतो," मी म्हटलं.

"हात लावायचा नाय. मेढ काढलीस तर अख्खा मांडव बसंल. गौरीची भाजी याच्यावरची हाय."

मी चिडलो. तीही चिडली. भाची मधे पडली, म्हणाली, "मामा, गाडी खाली वाटेवर लाव ना. मी चालत येईन की." शेवटी जीप वाटेच्या उतारावर लावली, तोंड खाली करून. तिथे हात उघडला की टायरच्या वजनाने गपकन मिटायचा. वेल्डिंगवाल्याची पिन मला रोज आठवायची. मी बेचक्याची काठी तोडून आणली आणि ती टेकू म्हणून लावून बघायला लागलो. सकाळी एकदा, दुपारी एकदा, चहानंतर एकदा. काठी चिखलात सरकायची. पाड्यातल्या बाया पाणी नेताना थांबून बघायच्या. बहीण म्हणाली, "पोटुशी बाई कोन हाय, कळंना झालंय. तिच्यापेक्षा तुझ्याच येरझारा जास्त."

सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास भाचीने आईला हाक मारली. त्या हाकेत काहीतरी होतं, मी हातातला चहा ओट्यावर ठेवला तो तसाच राहिला. नऊ दिवस बाकी होते. बारीक पाऊस लागलेला, वाटेवर शेवाळ. भाचीने दोन पावलं टाकली आणि खांबाला धरून खाली बसली. वाटेपर्यंत ती चालणं शक्यच नव्हतं.

मी धावत गेलो, जीप उलटी वर घेतली, ओट्याला लावली. खटका उघडला. हात फिरला आणि अर्ध्यावर मेढीला आपटून थांबला. दार वीतभर उघडलं. मी हात मागे घेतला, पुन्हा ढकलला. मेढ हलली, पण सुटली नाही. माझ्या कानात नुसता आवाज भरला होता. गाडी थोडी तिरकी घेऊ का, पुढे घेऊ का, काठी कुठाय, असं मी मोठमोठ्याने बडबडत होतो. मला वाटतं मी शिव्याही दिल्या. सव्वीस वर्षं ज्याची भीती बाळगली तेच परत समोर येऊन उभं होतं, आणि या खेपेलाही माझ्याच हातून.

बहीण घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कोयता होता. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मेढीच्या बुडाशी दोन घाव, तिसऱ्याला मेढ तुटली, आणि अर्धा मांडव वेलांसकट जीपच्या टपावर आला. काकड्या अंगणभर गडगडल्या. तिने पायाने वेल बाजूला सारले, लोखंडी हात पुरता उघडला, दार उघडलं आणि लेकीला म्हणाली, "ये बाय."

भाची गादीवर आडवी झाली. पाय लांब झाले. बहीण तिच्या उशाशी बसली. मी हात मिटवला, खटका लावला, दोनदा ओढून पाहिला.

ओढ्यात पाणी चाकाच्या निम्म्यावर होतं. गाडी पलीकडे चढली, बंपर टेकला नाही. त्या संथ माणसाचे मी मनातल्या मनात पाय धरले. डांबरीला लागल्यावर मी आरशात रस्ता कमी आणि टायर जास्त बघत होतो. टोकावड्याच्या पुढे मला काहीतरी खडखडल्यासारखं वाटलं. गाडी थांबवली, उतरून मागे गेलो, टायर हलवून पाहिला. मागच्या काचेवर आतून बहिणीने बोटांनी टकटक केलं.

"टायर हाय, दादा. चल."

मुरबाडच्या दवाखान्यात पोचलो. त्यांनी भाचीला आत घेतलं, बहीण आत गेली. मी बाहेर जीपपाशी. पाना काढून सगळे नट आवळले. एकही ढिला नव्हता. पुन्हा आवळले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग बहीण बाहेर आली, पदराने तोंड पुसत. "पोरगी झाली," ती म्हणाली. "काय रडते. आयकू येत नाय काय तुला?"

ऐकू येत होतं. केव्हापासून येत होतं. आतलं कुठलं तरी दुसरं मूल असेल असं मी धरून चाललो होतो.

बहीण जीपच्या मागे माझ्याशेजारी उभी राहिली. टायर आणि लोखंडी हाताच्या फटीत शिराळीचा वेल अडकला होता, त्याला एक कोवळं शिराळं. ती ते सोडवायला लागली.

"त्या येळेला टायर मीच काढाय सांगितलेला," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"त्याच्या वासानं मला मळमळत होतं. तू नको बोलत होतास. बोललास, वाटेला लागंल. मी रडले, काढ बोलले. तेव्हा काढलास तू." वेल तुटू नये म्हणून ती तो सावकाश ओढत होती. "तुला आठवत असंलच. पन तू कधी कोनाला बोलला नायस. आयेला नाय, ह्यांना पन नाय. म्हनून मी पन गप ऱ्हायले. दादानं झाकून ठेवलंय, तर ऱ्हाऊ दे."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मला आठवतं ते एवढंच, की स्टेपनी मी उचलली, तुळशीपाशी ठेवली, आणि असं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. सव्वीस वर्षं मी तिच्यासमोर मान वर करून बसलो नाही. आणि ती समजत होती, मी तिचंच काहीतरी लपवून ठेवलंय. तिला सांगावंसं वाटलं, बाय, तू असं काही म्हणाली नव्हतीस. पण खरंच म्हणाली नव्हती का, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येईना. तिथेच, मुरबाडच्या त्या गर्दीत, बंपरवर बसून मी रडलो.

बहीण बाजूला बसली. शिराळं तिने ओटीत टाकलं. जरा वेळाने तिने पाठीमागच्या खटक्याला हात लावला.

"हे उघडतं कसं? सकाळी मी नुसतं ढकललेलं."

मी दाखवलं. तिने एका हाताने उघडला, मिटला, पुन्हा उघडला.